आधी आरवून येतो

ज्या काळी गाव कोंबड्याच्या भरवशावर उठायचं, त्या काळी तुरेराव नावाच्या कोंबड्याला धुराचं व्यसन लागलं. रोज पहाटे तो न्हाणीच्या धुराड्यावर बसून छाती भरून धूर ओढायचा. होता होता गळ्यातून बांगेऐवजी नुसता खोकला निघू लागला आणि गाव उन्हं वर आल्यावर उठू लागलं.

लाजेने तुरेरावाने धूर सोडला, पण दोन दिवसांतच रडकुंडीला आला. "काय करू, चिंगाक्का? सारखी तलफ येते," तो म्हाताऱ्या बदकिणीला म्हणाला.

"येते म्हणतोस, राहते असं नाही म्हणत," चिंगाक्का म्हणाली. "मग तिच्यासाठी पाट मांडू नकोस. घोटभर पाणी पी, परड्यात चक्कर मार. ताटकळून जाईल निघून."

तसंच होत गेलं. नवव्या पहाटे तुरेराव आरवायला कौलांवर चढला आणि नेमकी तेव्हाच तलफ आली. शेजारी धुराडं धुमसत होतं.

"थांब तिथेच," तो तिला म्हणाला, "आधी आरवून येतो."

त्याने अशी खणखणीत बांग दिली, की नदीपलीकडच्या वाडीतही दिवे लागले. मग वळून बघतो, तर तलफ केव्हाच निघून गेली होती.