पाचरीचा अभिषेक

एका राज्यात सत्यकेतू नावाचा राजा होता. कालजिह्व मांत्रिकाला त्याने देवराईतले झाड तोडू दिले नाही. मांत्रिकाने रागाने पाणी शिंपडले. राजाचा बाभळीचा ओंडका झाला आणि मांत्रिकाच्या सरपणाच्या राशीत जाऊन पडला.

राणी सुवर्चा आपला धाकटा भाऊ, सेनापती वीरबाहू, याला घेऊन तेथे पोचली.

मांत्रिक म्हणाला, "राणीसाहेब, पती ओळखा. ओंडक्याचे टोक कापा. मग लोखंड न लावता तो उभा फोडा. सूर्य बुडेपर्यंत साधले नाही, तर तो माझ्या चुलीत जाईल."

राशीवर एक सुतारपक्षी बसला होता. तो म्हणाला, "वाळके लाकूड खणखणते. जिवंत लाकूड दबके बोलते."

राणीने कुऱ्हाडीच्या पाठीने एकेक ओंडका वाजविला. एक दबका बोलला. तिने त्याला नमस्कार केला.

वीरबाहूने त्याच्या दोन्ही टोकांखाली दगड लावून करवत चालविली. ती मध्येच अडकली.

"सेनापती," पक्षी म्हणाला, "दोन्हीकडे टेकू दिलात, तर काप मिटणारच!"

राणीने ओंडक्याचे टोक दगडापुढे मोकळे ठेवले. करवत सुटली, टोक गळून पडले. कापल्या तोंडावर बारीक भेग दिसली.

वीरबाहूने कुऱ्हाड उचलली. "ताईसाहेब, सरा! एका घावात फोडतो."

"हे शत्रूचे मस्तक नव्हे," पक्षी म्हणाला. "आत तुमचे मेहुणे आहेत."

राणीने चिंचेच्या वाळक्या लाकडाच्या पाचरी भेगेत बसविल्या, लाकडी मोगरीने हलकेच ठोकल्या, आणि नारायणाचे नामस्मरण करीत झारीतून त्यांवर अभिषेकाची धार धरली.

मांत्रिक हसला. "सरपणाला पाणी? तुळस लावली काय, बाई?"

"वाळके लाकूड पाणी पिऊन फुगते," राणी म्हणाली. "फुगेल तेव्हा फुगेल. धार तुटू देणे माझ्या हाती आहे, ते मी करणार नाही."

सूर्य डोंगराला टेकला. ओंडका हलेना.

"ताईसाहेब, वेळ गेली! मारू का?"

"नको."

धार तुटली नाही. सूर्याची शेवटची कड उरली, तोच आतून कट्ट वाजले. भेग रेषेरेषेने धावली, ओंडका दुभंगला, आणि केसांतला भुसा झटकीत सत्यकेतू उठून बसला. मांत्रिकाची जीभ जड झाली. पुन्हा एकही मंत्र तिच्यावर आला नाही.

राजाने वर पाहिले. "वीरबाहू," तो म्हणाला, "ती कुऱ्हाड आधी खाली ठेवा."

देवराई उभी राहिली, राजा गादीवर बसला. ज्या नारायणाने ती धार राखली, तो ऐकणाऱ्यांच्या घरी सरपण कोरडे आणि मन ओले ठेवो.