चनारकात गोलपोस्टला जाळी का नाही

फार वर्षांपूर्वीची म्हणावी, तर या गोष्टीत रेडिओ आहे. कालपरवाची म्हणावी, तर तिच्यातलं आता कुणी हयात नाही. तेव्हा काळाचं मला विचारू नका, तिथं माझाच घोळ आहे. इतकं नक्की, की इराणात वाळवंटाच्या कडेला चनारक नावाचं गाव होतं, तिथं यारअली नावाचा पोरगा होता, आणि त्याच्या लाथेला अख्ख्या मुलखात तोड नव्हती. असं म्हणतात.

चनारकाला नदी नाही, ओढा नाही. पाणी यायचं डोंगराच्या पोटातून, जुन्या लोकांनी खणलेल्या लांबलचक भुयारातून. तिथून पाटानं गावात शिरायचं आणि ज्याच्या त्याच्या जर्दाळूच्या बागेला पाळीपाळीनं मिळायचं. पाळी मोजायला घड्याळ नव्हतं. आपल्याकडं पूर्वी लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे ना, तसंच काहीसं होतं. पातेल्यात पाणी, पाण्यावर तांब्याची वाटी, वाटीच्या तळाला बारीक भोक. वाटी बुडाली की एकाचं पाणी बंद आणि दुसऱ्याचं सुरू.

त्या वाटीपाशी बसायची यारअलीची आई, गुलअंदाम. आधी तिचा नवरा बसायचा. तो गेल्यावर गावानं तिलाच बसवलं, कारण काही झालं तरी तिची नजर वाटीवरून हलायची नाही. हलली असती तर गावात रोज डोकी फुटली असती. वाटी बुडाली की ती ओरडायची, "पाळी फिरली!" आणि यारअली पाटाच्या कडेनं धूम ठोकायचा. बागेत पाणी शिरतं ते तोंड बुजवायला त्या लोकांकडं एक बोळा असायचा, बकऱ्याच्या कातड्यात चिंध्या ठासून शिवलेला. बाकीचे गडी वाकून, कोपरापर्यंत चिखलात हात घालून तो बसवत. यारअली कुठला वाकतोय! तो लांबूनच लाथ मारायचा आणि बोळा तुतीच्या झाडाला वळसा घालून नेमका तोंडात जाऊन बसायचा. एक थेंब गळायचा नाही. असं म्हणतात.

गुलअंदामनं त्याला एकच गोष्ट शिकवली होती. "पोरा, वाटी बुडायच्या आधी कुणाचं पाणी तोडायचं नाही. मी ओरडल्याशिवाय लाथ मारायची नाही."

"नाही मारणार, नने," तो म्हणायचा. तिकडं आईला नने म्हणतात.

एकदा काय झालं, गाडीत पाणी घालायला एक ट्रकवाला चनारकात थांबला. त्यानं यारअलीची लाथ बघितली आणि तोंडात बोटच घातलं. "अहो बाई, याला माझ्याबरोबर शहरात पाठवा. असल्या पायाला तिथं मोठी मागणी आहे." गुलअंदामला वाटलं, शहर म्हटल्यावर बागा मोठ्या असणार, पाट मोठे असणार, पाटकरी कमीच पडत असतील. तिनं सुकवलेले जर्दाळू बांधून दिले आणि डोळे पुसले. ट्रकवाल्यानं खुलासा केला नाही, तिनं विचारलं नाही.

शहरात यारअली दिवसभर भट्टीवर विटा वाहायचा आणि संध्याकाळी भट्टीवाल्यांच्या संघात अनवाणी फुटबॉल खेळायचा. पायात बूट घातले तर त्याला धड चालता येईना, लोक फिदीफिदी हसले. गड्यानं काय करावं? बूट घालूनच विटा वाहायला लागला! टाचा सोलून निघाल्या, पण बूट पायाला बसले. पुढं शहराच्या संघात गेला, आणि तिथून देशाच्या. त्यानं मारलेला चेंडू हवेत थांबून वाट शोधतो आणि मग आत जातो, असं म्हणतात.

आता खरी गंमत ऐका. गावचे कारभारी हैबतुल्ला, त्यांच्याकडं गावातला एकमेव रेडिओ. सगळं चनारक अंगणात जमलं होतं. रेडिओतला माणूस किंचाळला, "यारअलीनं चेंडू आत घातला!" आणि मागं हजारो लोकांचा कल्लोळ उठला. अंगणात मात्र चिडीचूप. फुटबॉल कुणी बघितला होता? गोल वस्तू लाथेनं आत घातली, याचा अर्थ त्यांना एकच ठाऊक होता.

"कुणाचं पाणी बंद केलं म्हणे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मोठ्या गावाचं दिसतंय," कारभारी म्हणाले. "लोक बघा कसे बोंबलतायत."

गुलअंदाम रेडिओपाशी धावली. "वाटी बुडाली होती का? कुणी ओरडलं का आधी?" पण रेडिओला विचारून काय उपयोग!

आणि त्याच उन्हाळ्यात चनारकाचं पाणी आटायला लागलं. यारअलीनं गोल मारावा आणि इकडं पाटाची धार बारीक व्हावी. जर्दाळूची पानं वाळली. दोन घरांनी तर गाढवांवर बिऱ्हाड लादलं. कारभारी गुलअंदामच्या दारात आले. "बहीण, तुझा पोरगा जगाचं पाणी बंद करतोय, त्यात आपलंही बंद होतंय. जा आणि त्याला थांबव. नाहीतर गाव उठेल."

अभिमान वाटून घ्यावा की मान खाली घालावी, तेच तिला कळेना. वाटी अंगावरच्या चादरीखाली घेऊन ती निघाली.

यारअली तिला बघून हरखला. तिचं म्हणणं ऐकून मात्र त्याला हसू आवरेना. "नने, तिथं पाणी नसतं गं. नुसतं गवत असतं."

"गवत पाण्याशिवाय उगवतं होय रे?"

यारअलीचं हसू मावळलं. खरं सांगायचं तर बाईचं चुकत नव्हतं.

"अगं, उद्या सगळा देश बघतोय. मी चेंडू मारू तरी कुठं?"

"ते मला काय ठाऊक! माझं गाव उठायला आलंय, एवढं मला कळतं."

त्यानं तिच्या हातातली वाटी बघितली. मग म्हणाला, "बरं नने. तू ओरडल्याशिवाय मी चेंडू आत घालणार नाही." आणि गुलअंदामनं मनाशी ठरवलं, जीव गेला तरी आपण ओरडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रेक्षकांत बसली. मांडीवर पातेलं, पातेल्यात वाटी. वेळ कळायला दुसरं काही तिला माहीतच नव्हतं. सामना सुरू झाला. यारअली चेंडू घेऊन गोलपाशी जाई आणि तिथून मागं फिरे. पुन्हा जाई, पुन्हा फिरे. त्याचेच गडी बुचकळ्यात पडले, समोरचे त्याहून जास्त. प्रशिक्षकानं डोक्यावरचे होते नव्हते ते केस उपटले. लोक शिव्या घालायला लागले. पोराला पडणाऱ्या शिव्या ऐकवेनात, म्हणून गुलअंदामनं नजर वाटीवर रोखली. आणि तिथंच चुकलं की हो! कारण वाटी भरत गेली, भरत गेली आणि बुडाली, आणि जन्मभराच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "पाळी फिरली!"

एवढ्या गदारोळात यारअलीला ते ऐकू आलं. असं म्हणतात. त्यानं लाथ घातली ती अशी, की चेंडू जाळी फाडून पार झाला.

गुलअंदामनं तोंडावर हात दाबला. झालं! आपल्याच हातानं गाव बुडवलं. ती रडायला लागली. रडता रडता तिला दिसलं, की चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवलाय आणि तो यारअलीला नाही, समोरच्यांना दिलाय. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, "हे काय? यानं बंद केलं, तरी त्यांनाच देतात?"

"गोल झाला की देतातच. आता त्यांची पाळी."

गुलअंदामनं डोळे पुसले. म्हणजे पोरानं कुणाचं काही तोडलं नव्हतं. जीव भांड्यात पडला, पण डोकं आणखीनच भंजाळलं. मग आपलं पाणी बंद केलं कुणी?

हाच प्रश्न घेऊन मायलेक गावी आले. पाट कोरडा पडला होता. "म्हणजे भुयारातच काहीतरी अडलंय," यारअली म्हणाला. गावातल्या भुयार खणणाऱ्यांची आत जायची छाती होईना, छत कच्चं झालं होतं. त्यानं बुटाचे बंद आवळले. "नने, वाटी बुडाली की ओरड, मग मी लाथ घालतो," म्हणाला आणि आत शिरला.

ती भुयाराच्या तोंडाशी वाटी घेऊन बसली. वाटी बुडाली. तिला ओरडायचं नव्हतं. आतलं छत कसं आहे, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण मागं अख्खं गाव उभं होतं आणि पोरगा आत वाट बघत होता. ती ओरडली, "पाळी फिरली!" आत धप्प आवाज झाला. मग डोंगर गुरगुरला आणि पाणी आलं. एवढं पाणी चनारकानं आधी कधी बघितलं नव्हतं. पाणी आलं, यारअली आला नाही.

कुणी म्हणतं, तो डोंगराच्या पलीकडच्या बाजूनं बाहेर पडला आणि तिकडच्या देशाकडून खेळायला लागला. रेडिओवर अधूनमधून नाव ऐकू यायचं, नीट कळायचं नाही. कुणी काहीच म्हणत नाही. गुलअंदाम मात्र मरेपर्यंत भुयाराकडं तोंड करून ओरडत राहिली, आणि प्रत्येक वेळी आतून धप्प असा आवाज यायचा. असं म्हणतात.

आज चनारकात पाटाच्या कडेला मैदान आहे. सामना असला की गावातली सगळ्यात म्हातारी बाई वाटी घेऊन बसते. गोल झाला की ती डोंगराकडं तोंड करून ओरडते, "पाळी फिरली!" मग सगळे गप्प उभे राहतात आणि कान देतात. आतून आवाज आला, की मगच चेंडू समोरच्यांना द्यायचा. बाहेरगावची पोरं गोंधळतात, एकमेकांना विचारतात, तुला काही ऐकू आलं का रे? मी काय सांगू? कुणाला येतो, कुणाला नाही.

आणि गोलपोस्टला तिथं जाळी लावत नाहीत. का, म्हणून विचारलं तर बायका सांगतात, तो पलीकडून खेळत येत असेल, त्याचा चेंडू अडायला नको.