उशाखालची किल्ली

एका शहरात, चौथ्या मजल्यावर, एक आई राहायची. शिकलेली होती, त्यामुळे काळजी करायला तिला कारणं जरा जास्तच सापडायची. पण परवापासून तिची झोप एकाच गोष्टीने उडाली होती. दुपारी ती आडवी झालेली असताना लेकीचं बोट दारात चेमटलं, आणि लेक निळं बोट धरून तासभर गप्प बसून राहिली. का, तर "मला उठवलंस तर बघ," असं आईच म्हणाली होती.

आई त्या दिवसांत महायुद्धावरचं एक जाड पुस्तक वाचत होती. त्यातले जर्मन सेनापती शत्रूपेक्षा एकमेकांशीच जास्त लढत होते. तिने त्यातल्या दोघांना दाढ्या लावल्या, रणगाड्यांचे घोडे केले, आणि बोटाला हळद लावता लावता सुरुवात केली.

"धुक्याच्या समुद्राकाठी एक राज्य होतं. म्हातारा सेनापती म्हणायचा, घोडे रानात ठेवू, शत्रू आत आला की घेरू. तरणा म्हणायचा, घोडे किनाऱ्यावरच हवेत, शत्रूला पाण्यातच गाठू. दोघांचं पटेना. राजाचा तर दोघांवरही भरवसा नाही. त्याने थोडे घोडे याला दिले, थोडे त्याला, आणि सगळ्यात चपळ घोडे पागेत कोंडून किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवली. वर बजावलं, मला झोपेतून उठवेल त्याची खैर नाही.

एका पहाटे धुक्यातून शिडं आली. एक, दोन, मग मोजता येईनात इतकी. दोघे सेनापती राजाच्या दाराशी धावले.

'तुम्ही वडीलधारे, तुम्ही उठवा.'

'वा रे शहाण्या! बोलणी मी खायची, आणि घोडे धावायचे तुझ्या किनाऱ्यावर?'

'हळू बोला,' पहारेकरी कुजबुजला, 'महाराज झोपलेत.'

मग दोघेही चवड्यांवर चालू लागले. आत राजाला सुंदर स्वप्न पडलं होतं. पांढरे घोडे लाटांच्या फेसावरून दौडत होते आणि टापांचा आवाजच येत नव्हता."

"खऱ्या घोड्यांना कळलं होतं?" लेकीने विचारलं.

"कळलं होतं ना. ते पागेच्या दारावर टापा आपटत होते. राजा उठला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि किनाऱ्यावर दुसऱ्यांचे झेंडे होते. 'मला उठवलं का नाही?' तो ओरडला. संध्याकाळपर्यंत राज्य गेलं. किल्ली तेवढी उशाखाली राहिली."

संकट आलं की मोठ्यांना लगेच सांगावं, असं तात्पर्य आईने घोकून ठेवलं होतं. पण राजा ओरडला तो आवाज तिला फारच ओळखीचा वाटला, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

तात्पर्य: ज्याच्या रागाला घरचेच भितात, त्याला संकटाची बातमी सगळ्यात शेवटी कळते.

लेक हळदीच्या बोटाकडे बघत बसली. मग तिने हळूच डावं पाऊल आईच्या मांडीवर ठेवलं.

"इथे पण काहीतरी रुतलंय," ती म्हणाली. "सोमवारचं आहे."