अर्धी चकमक

“मग मंत्र देणार की नाही, बाबा?”

फौजदार जयवंत मोहोळकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. शब्द विनंतीचे होते, आवाज हुकमाचा.

भवरनाथ बाबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. सावळघाटाच्या पायथ्याशी त्यांचा नाथपंथी मठ. दोन खोल्या, एक चिंच आणि मधोमध धुनी.

“कशासाठी हवाय?”

“झोप लागत नाही. तीन आठवडे झाले.”

“डॉक्टरकडे जा. गोळी देईल.”

गोळी म्हटल्यावर फौजदारांची मान खाली गेली.

“बस. ताक घे.”

बाबांनी ताक काचेच्या पेल्यात दिलं. फौजदार अकरा वर्षं मठात येत होते. ताक नेहमी पितळी गडव्यातून मिळायचं.

“गडवा कुठे गेला?”

“आहे की आत. कल्हई उडालीय. ताक ओतलं तर कळकेल.” बाबांनी आणखी एक शेंग फोडली. “कल्हईवाला या खेपेला आला नाही.”

फौजदारांनी पेला न पिताच खाली ठेवला.

“तुम्हाला कळलं तर.”

“पेपरात आलं होतं. ‘सावळघाटात चकमक. टोळीतला एक ठार.’ खाली आपल्या कल्हईवाल्याचा, दादूभाईचा फोटो. आधार कार्डावरचा. त्यात तो हसतोय. फोटो काढताना हसू नका सांगतात ना तिथे? त्याला ऐकूच आलं नसेल.”

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“ठार बहिरा होता तो, जयवंता. पेपरात त्यातला एकच शब्द आला.”

“मला नंतर कळलं, बाबा!” फौजदार उसळून बोलले. “सकाळचे साडेसहा. हे असं धुकं. टोळी त्याच वाटेनं जाणार अशी पक्की खबर. मी तीनदा ओरडलो, थांब म्हणून. हा आपला चालतोच आहे. मग एकदम वळला. हातात ही एवढी नळी. मला वाटलं बंदूक.”

“भात्याची नळी.”

“हो. जवळ गेल्यावर दिसलं.”

“मग?”

“मग काय… चूक झाली. आईशपथ सांगतो, चूक झाली.”

“माझा विश्वास आहे.”

फौजदारांनी मान वर केली. तीन आठवड्यांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

“पण मग कागदात ‘चूक’ हा शब्द कुठे आहे?”

“साहेब म्हणाले, आता मागे फिरता येत नाही. माझ्याबरोबर चार शिपाई होते, त्यांच्याही नोकऱ्यांचा प्रश्न आहे. उद्या अकराला प्रांतसाहेबांपुढे चौकशी. माझा जबाब टाइप करून तयार आहे.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “सही तेवढी राहिलीय. ती करताना हात कापू नये, म्हणून मंत्र मागतोय.”

“वाच बघू.”

“‘समोरून अचानक गोळीबार झाल्याने स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले. उडालेल्या चकमकीत…’”

“पुरे.” बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “आज सोमवार. आधी धुनी पेटव. मंत्राचं मग बघू.”

त्या मठात काडेपेटी चालत नाही. दर सोमवारी राख काढतात आणि चकमकीनं नवा विस्तव करतात. एका हातात गारगोटी आणि कापूस, दुसऱ्या हातात पोलादाचा तुकडा. हे काम अकरा वर्षं फौजदारांकडे होतं. एका फटक्यात ठिणगी पाडायचे. पाडली की कुणी बघतंय का, म्हणून हळूच आजूबाजूला बघायचे.

ते धुनीपाशी बसले. बाबांनी कोनाड्यातून पोलाद काढून त्यांच्या हातात दिलं आणि परत शेंगांकडे वळले.

“गारगोटी राहिली, बाबा.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? एकट्या पोलादानं ठिणगी कशी पडेल?”

“पाड की. तू एवढा तरबेज.”

“थट्टा नको, बाबा. चकमकीला दोन लागतात.”

बाबांनी पुढची शेंग फोडली.

फौजदारांनी हातातल्या पोलादाकडे बघितलं. मग मांडीवरच्या कागदाकडे.

बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली. तिचा आवाज घाटात विरला.

“दोन गोळ्या सुटल्या,” फौजदार हळूच म्हणाले. “दोन्ही माझ्या.”

“आणि समोरून?”

“समोरून… काही नाही.”

“पेपरात लिहिलंय, त्याच्या हाताशी गावठी कट्टा सापडला.”

“सापडला नाही. ठेवला.”

“कुणी?”

“मी.”

बाबांनी पेला उचलून त्यांच्या हातात दिला. या वेळी फौजदार एका दमात ताक प्यायले.

“खरं सांगितलं तर वर्दी जाईल, बाबा. आतसुद्धा जावं लागेल.”

“लागेल कदाचित.”

“बायकोला काय सांगू?”

“मला जे सांगितलंस तेच.”

“आणि एवढं करून दादू काही परत येणार नाही.”

“नाही येणार.”

“मग कुणाला काय मिळणार यातून?”

बाबांनी शेंगांची टरफलं झटकली.

“जैतुनबी आली होती परवा. त्याची बायको.”

फौजदारांनी रिकामा पेला खाली ठेवला.

“भांडी मागायला आली होती. कल्हईला. नवरा कल्हई करायचा तेव्हा भाता तीच मारायची, तिला सगळं येतं. गावात चार दारं फिरली. टोळीवाल्याच्या घरची म्हणून कुणी साधी वाटी हातात दिली नाही.”

“तुम्ही दिलीत?”

“गडवा दिला होता. तिनंच परत ठेवला. म्हणाली, बाबा, भात्याला नळीच नाही. कुठे पडली कुणास ठाऊक.”

बाबांनी फौजदारांकडे बघितलं.

“कुठे पडली, जयवंता?”

“माझ्या कपाटात आहे. ठाण्यात. पंचनाम्यात तिची नोंद नाही. फेकून द्यायला सांगितलं होतं मला.”

“मग?”

“दोनदा पुलावर घेऊन गेलो. नाही टाकवली.”

बाबा पहिल्यांदाच हसले. पोर चालायला लागल्यावर घरातली म्हातारी माणसं हसतात, तसे.

“आणि मला विचारतोस, मंत्र आहे का म्हणून.”

फौजदारांनी टाइप केलेला कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. खिशाचं पेन काढलं. बराच वेळ ते नुसतं धरून बसले.

मग लिहिलं. एकच ओळ. मोठ्यानं वाचली.

“‘चकमक झाली नाही.’”

“हात कापला?”

फौजदारांनी हाताकडे बघितलं.

“थोडा.”

“लिही पुढं.”

ते लिहीत राहिले. बाबा शेंगा फोडत राहिले. कागद भरला तेव्हा उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली होती.

“बाबा, नळी उद्या प्रांतसाहेबांच्या टेबलावर ठेवतो. पण एकदा कागदावर चढली की जैतुनबीला ती परत मिळायला वेळ लागेल.”

“तिला तसं सांग.”

“मी? मी तिच्यासमोर जाऊ?”

“आधी हा कागद जाऊ दे. मग तू. ती दार उघडेलच असं नाही.”

“आणि नाही उघडलं तर?”

“तर बाहेरून सांग.”

फौजदार उठले. पोलाद परत द्यायला हात पुढे केला. बाबांनी त्यांची मूठ मिटवली.

“राहू दे तुझ्याकडे.”

“पण मी आता कधी येईन त्याचा नेम नाही. महिने जातील. वर्षंही जातील.” त्यांनी थंड धुनीकडे बघितलं. “तोवर विस्तव कशानं करणार तुम्ही? आणि या एवढ्या शेंगा भाजणार कशा?”

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

“तोवर कच्च्याच खाऊ.”