चालू इंजिन

"पण बुवा, गाडी म्हैसूरला पोहोचेल ना?"

इंद्रजितने पुन्हा तेच विचारलं. लहानपणी ज्यांच्यापुढे बसून तो पाठांतर करायचा, ते निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

फाटकापाशी ती अमेरिकन गाडी धडधडत उभी होती. आजोबांनी घेतलेली, लांबलचक, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. कोल्हापुरात तिच्या तोडीची दुसरी नाही, हे इंद्रजित भेटेल त्याला ऐकवायचा. आज मात्र सगळा तोरा उतरला होता. घाटात सायलेन्सर फुटला, तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

म्हैसूरला आत्या अंथरुणाला खिळली होती. दादाला एकदा डोळे भरून पाहू दे, एवढंच तिचं मागणं. आणि दादा, म्हणजे इंद्रजितचे वडील, आबा, हटून बसले होते. जाईन तर याच गाडीतून. बहिणीची पाठवणी त्यांनी हिच्यातूनच केली होती.

"इंजिनाचा पंप नवा घातलाय. पट्टे नवे. तरी मधेच कुठं बसली तर? आत्या वाट बघत राहील, बुवा."

"आबा कुठं आहेत?"

"गाडीत. मागं."

"उतरले नाहीत?"

"उतरवलं नाही. थांबायचं नाहीच, असं ठरवलंय. वाटेवर मठ लागला, म्हणून तुमच्या पाया पडायला तेवढा आलो."

"इंजिन चालू ठेवून?"

"तापलेलं इंजिन बंद केलं की पुन्हा घेत नाही कधी कधी. या जुन्या गाड्यांचं असंच असतं. सकाळपासून बंदच केलेलं नाही." एवढं सांगताना त्याचा आवाज जरा ताठ झाला. "पेट्रोलसुद्धा चालू इंजिनावर भरून घेतलं. पंपावरचा माणूस शिव्या देत होता. पण माझा कान सारखा इंजिनाकडे. जरा आवाज बदलला की मला कळतं."

"सगळं ऐकू येतं म्हण तुला..."

"सगळं."

बुवा उठले. धोतराला हात पुसत फाटकाकडे निघाले. इंद्रजितला वाटलं, गाडीला अंगारा लावतील. त्याला बरं वाटलं.

बुवांनी पुढच्या खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

"बुवा! अहो, काय केलंत हे!"

इंजिन आचके देत थांबलं. आता ही चालूच झाली नाही तर? इथं मेकॅनिक कुठला? आत्याला काय सांगायचं?

सगळीकडे शांत झालं...

"इंद्रजिता..."

मागच्या सीटवरून आवाज आला. अगदी बारीक, घोगरा.

"घाट लागल्यापासून पाणी मागतोय रे मी."

इंद्रजितला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग तो धावत ओसरीवर गेला आणि माठातून तांब्या भरून घेऊन आला. त्यानेच तो आबांच्या ओठांना लावून धरला. आबा घटाघट प्यायले. बरंचसं पाणी सदऱ्यावर सांडलं.

रिकामा तांब्या घेऊन इंद्रजित वळला. नजर पुन्हा किल्लीकडे गेलीच.

"बुवा... आता चालू होईल ना हो ही?"

"अजून पाणी हवंय का, विचार त्यांना."