एकच चेंडू

सोमवार, सकाळचे साडेअकरा, कुंभारदऱ्याची जिल्हा परिषद शाळा. पटसंख्या शून्य म्हणून शाळा बंद करायला शिक्षणाधिकारी रणपिसे आले होते. समोर एकोणीस मुलं बसली होती, पण साहेबांना यादीतलं शून्यच खरं वाटत होतं, कारण यादीवर शिक्का होता.

साहेबांना शिक्षकांची परीक्षा घ्यायची भारी खोड. त्यांनी जीपमधून तीन बंद खोकी आणवली आणि शिक्षिका हेमलता घोगरे यांच्यासमोर ठेवली. वर चिठ्ठ्या होत्या: लाल, निळे, मिश्र.

"एका खोक्यात सगळे लाल चेंडू, एकात सगळे निळे, एकात दोन्ही. पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत, घोगरेबाई. आत न डोकावता कमीत कमी चेंडू काढा आणि खोकी ओळखा. नाही जमलं, तर शाळा बंदच्या कागदावर मुकाट्यानं सही करा."

हेमलताबाईंनी 'मिश्र'मधून एकच चेंडू काढला. लाल निघाला.

"चिठ्ठी खोटी, म्हणजे हे मिश्र नाही, सगळे लालच. 'निळे' लिहिलंय त्यात निळे नाहीत आणि लाल तर इथे सापडले, म्हणून ते मिश्र. उरलं ते निळ्यांचं."

"शाब्बास! चिठ्ठीवर विसंबला नाहीत," साहेब खूश झाले.

"मग साहेब, आमच्या शाळेवर 'शून्य' अशी चिठ्ठी आहे. ती खोटी ठरवायला किती मुलं बाहेर काढून दाखवू?"

पुढच्या रांगेतली ठकी लगेच उभी राहिली. "मी येऊ का, बाई?"

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

शाळा सुरू आहे. ते शून्य कोणी लिहिलं, हे शाळा समितीचा सदस्य म्हणून मी कार्यालयाला तीनदा लेखी विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.