काकूंनी गाळलेला शब्द

ऐका बायांनो, हातात अक्षता घ्या, आणि आधी एवढं सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? सांगणारणीवर, की सांगण्यावर? घाई नको. कहाणी पुरी होऊ द्या.

आटपाट नगर म्हणतात तसंच एक नगर होतं, तिथं एक वाणी होता. त्याची बायको वारली, एक लेक मागं राहिली. नाव ठकू, वय सात. मग वाण्यानं दुसरी बायको केली, अंबू. अंबूनं वेणी घालावी, ठकूनं तिच्या हातचं पोटभर खावं, असं दोघींचं बरं चाललं होतं.

मग श्रावण आला. पहिल्या शुक्रवारी आळीतल्या कावेरीकाकू जिवतीपुढं कहाणी सांगायला बसल्या. काकूंचा गळा गोड, आळीतली पोरंसोरं पुढं सरकली. काकू म्हणाल्या, "सावत्र आईनं खीर केली. खिरीत विष कालवलं." ठकूनं ऐकलं, घरी आली, ताट सरकवलं. पाटावर बसेना, ओवाळून घेईना. लेकरू परगावी असलं म्हणजे आया चार दिशांना अक्षता टाकतात. ठकू समोर अंगणात उभी, आणि अंबूनं दिशांना अक्षता टाकल्या.

आठवडाभर पोर शेजारी भाकरीचा तुकडा मागून खाई. गळ्याची हाडं दिसू लागली. मग अंबू काकूंकडे गेली.

"काकू, माझं लेकरू वाळत चाललं. तेवढा एक शब्द गाळा."

"अगं, सासूबाईंनी सांगितलं तसं मी सांगते. मी का पदरचं घालते?"

पण काकू मनाच्या मऊ. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी 'सावत्र' गाळलं. म्हणाल्या, "आईनं खीर केली. खिरीत विष कालवलं."

मग काय विचारता! ठकूनं तर नाहीच, आळीतल्या एकाही पोरानं ताटाला हात लावला नाही. बाया काकूंच्या दारात जमल्या.

"माझा सदू म्हणतो, आधी तू खा!"

"आमची तर दुधाचा वास घेते मांजरीसारखी!"

काकू रडकुंडीला आल्या. "आजपासून कहाणीच बंद," म्हणाल्या. वाणी तिथूनच चालला होता. तो म्हणाला, "काकू, माझ्याकडे मापाचं एकच चिपटं. त्यानंच मीठ मोजतो, त्यानंच साखर. गेल्या साली एकीची आमटी खारट झाली, तर ती चिपटं फोडायला आली होती!"

बाया हसल्या. अंबू मात्र विचारात पडली.

मग तिसरा शुक्रवार आला. अंबूनं पुरणपोळी केली, पाट मांडला, आणि समोर बसून आपणच सुरू केलं, "एक सावत्र आई होती."

दाराआड ठकू उभी होती. अंबूनं पोळीवर तूप वाढलं. मग म्हणाली, "हुंकार दिल्याशिवाय कहाणी पुढं जात नाही, बाई."

दाराआडून आलं, "हूं."

"तिनं पहिल्या शुक्रवारी रांधलं. लेक जेवली नाही."

"हूं."

"दुसऱ्या शुक्रवारी रांधलं. लेक जेवली नाही."

"हूं."

"तिसऱ्या शुक्रवारी रांधलं." अंबू थांबली.

"मग?"

"मगचं मला ठाऊक नाही, ठके. पोळी मी केली, एवढं ठाऊक."

ठकू तणतणत उंबऱ्यात आली. "असं कुठं असतं? तिसऱ्यांदा सगळं नीट होतंच! काकूंच्या सगळ्या कहाण्यांत होतं." आली ती पाटावर बसली, पोळी मोडली, घास घेतला. अंबू बघत राहिली. "जायफळ जास्त झालंय," म्हणाली, आणि दुसरी पोळी मागितली.

मग अंबूनं डोळे पुसत तिला ओवाळलं. चौथ्या शुक्रवारी काकू पुन्हा कहाणी सांगायला बसल्या. गाळलेला शब्द त्यांनी परत घातला, पण पोरांकडे बघून म्हणाल्या, "ही कहाणीतली हं, आपल्या आळीतली नव्हे."

जिवती अंबूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठ उत्तरांची कहाणी, पाचांत सांगितली, सुफळ झाली. आणि बायांनो, उद्या तुम्हीही कोणाला काही सांगाल. तेव्हा हिशोब चोख ठेवा. ऐकलेलं ऐकलेल्यात धरा, पाहिलेलं पाहिलेल्यात.